जाऊन येतों

कुशलच्या बोलण्यात फरक पडलाय, हे आधी त्याच्या आईला कळलं. स्वरदा, माझी सून, एका रविवारी फोन ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, हा फोन ठेवताना 'जाऊन येतों' म्हणाला."

"मग? कुठं जात असेल."

"कुठंही जात नव्हता. खोलीतच होता. आवाज त्याचाच होता हो, पण बोलणं दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं."

स्वरदा शिक्षिका, तिची शाळा चालू होती, मुलगा कामावर. रिकामी मीच. त्यांनी मला सोलापूरला गाडीत बसवून दिलं आणि चेन्नईला, एग्मोर स्टेशनवर, कुशल घ्यायला आला. माझा नातू मला फलाटावर पहिल्यांदा ओळखू आला नाही. वाळला होता. कपाळावर भस्माची बारीक रेघ होती. आमच्या घरात भस्म कुणी लावत नाही.

"काय म्हणून एवढं ओझं आणलंस?" त्यानं पिशवी उचलली.

"कशाला आणलंस" असं तो एरवी म्हणाला असता.

वेस्ट मांबलमच्या एका गल्लीत तो राहत होता. खाली घरमालकीण सकवारबाई, बाहेरून जिना, वर एक खोली आणि पुढं गच्ची. सकवारबाई तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी माझ्या आजीच्याही आजीचं वाटे, आणि मध्येच तमिळचा हेल येई. पण समजत होतं. त्या मला अक्का म्हणाल्या. मला बरं वाटलं.

ही खोली त्यांच्या मुलाची होती. सुंदर त्याचं नाव. कुशल आणि तो शोळिंगनल्लूरला एकाच ऑफिसात होते. लग्नाच्या हॉलांचं बुकिंग घेणारी वेबसाइट ते बनवत. आदल्या वर्षी सुंदर सकाळी दुचाकीवर ऑफिसला निघाला तो पोचलाच नाही. त्याचं काम आणि त्याचा लॅपटॉप ऑफिसनं कुशलला दिला. सकवारबाईंनी ऐकलं की मुलाच्या जागी मराठी मुलगा आलाय, तेव्हा त्यांनीच निरोप पाठवून त्याला खोली दिली.

आठवड्यातले बरेच दिवस कुशल घरूनच काम करी. मी भाजी घेऊन त्याच्याशेजारी निवडत बसे.

"लग्नाच्या हॉलांचं काम करतोस, स्वतःचं कधी?"

"हॉल मिळत नाही, आजी."

असं बोलला की तो माझा कुशल असे. मग तो पुन्हा लॅपटॉपवरच्या त्या काळ्या खिडकीकडे वळे.

मला वाचायला उशिरा आलं. म्हणून मी अजून एकेक अक्षर लावून वाचते आणि एखादं टिंब जास्त असलं तरी ते डोळ्यांत खुपतं. त्या खिडकीत अगदी वर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं मी लावलं. ये, रे, सुंदर. बैस.

"हे काय आहे?"

"याला शेल म्हणतात. इथं एक ओळ लिहायची, वेबसाइट तिथल्या तिथं उत्तर देते. कुठला हॉल कधी बुक आहे, कुठं काय बिघडलंय, सगळं. तिच्या पोटात हात घालून बघितल्यासारखं."

"आणि ती मराठी बोलते?"

"ती नाही गं. हे शेल मुळात मुकंच असतं. नुसता एक बाण, आणि पुढं लुकलुकणारी रेघ. ज्याला जसं हवं तसं तो करून घेतो. एक फाइल असते. शेल उघडलं की सगळ्यात आधी ती वाचली जाते, आणि त्यात सांगितलं असेल तसं ते वागतं. ही सुंदरची फाइल."

त्यानं मला कौतुकानं सगळं दाखवलं. बाण पिवळा असला म्हणजे आपण सरावाच्या वेबसाइटवर आहोत, तिथं काही मोडलं तरी चालतं. बाण लाल झाला की खऱ्या वेबसाइटवर, तिथं जपून. हळद आणि कुंकू, सुंदर म्हणे. दुपार झाली की ते मध्येच विचारी, "जेवलास कीं?" लांबलचक आज्ञांना सुंदरनं घरातले छोटे शब्द दिले होते. दाखीव. काढ. पूस.

"आणि बंद करायचं असलं की?"

"सगळे 'एक्झिट' लिहितात. इथं 'जाऊन येतों' लिहायचं. दुसरं काही लिहिलं तर ते ऐकतच नाही."

"वर नाव सुंदरचं कसं राहिलं? तुझं का नाही घातलंस?"

"बदलणं बरं वाटलं नाही, आजी. त्यानं हौसेनं केलेलं."

दिवेलागणीला सकवारबाई वर आल्या. हातात कॉफीचा पेला होता. पेला त्यांनी कुशलजवळ ठेवला आणि उंबऱ्याशी बसल्या. कुशलनं कॉफी संपवली. कुशलनं त्या काळ्या खिडकीत शेवटची ओळ लिहिली, जाऊन येतों. खाली आपोआप एक शब्द उमटला, ये. आणि त्याच क्षणी सकवारबाई उंबऱ्यावरून हळूच म्हणाल्या, "ये."

खिडकी मिटली. बाई रिकामा पेला घेऊन खाली गेल्या.

त्या गेल्यावर मी कुशलकडे बघत राहिले. तोच म्हणाला, "सुंदर निघाला त्या दिवशी खाली कुकरची शिट्टी होत होती. तो दारातून सांगून गेला, त्यांना ऐकू आलं नाही. त्या 'ये' म्हणाल्याच नाहीत. ते त्यांच्या मनात राहिलंय. मी इथं राहायला आल्यावर एकदा त्यांनी पडद्यावर हे वाचलं, तेव्हापासून रोज येतात. त्यांना बरं वाटतं, आजी. माझं काय जातंय?"

मीही तेव्हा हेच म्हटलं. बिचारीचं समाधान होतंय, होऊ दे.

पण मग मी बघू लागले. गल्लीत केळीवाला गाडीपाशी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सहज "सुंदर" म्हणाला, दुसऱ्याच कुणाबद्दल, तर गच्चीवरचा कुशल "ओ" देऊन कठड्याशी गेला. गच्चीच्या दाराची किल्ली सापडेना तेव्हा मी घर उलथंपालथं केलं. कुशल बाहेरून आला, भिंतीतल्या कोनाड्याच्या फटीत हात घातला आणि किल्ली काढून दिली. सकवारबाई बघत होत्या. "ती जागा सुंदराला आणि मला ठाऊक," त्या म्हणाल्या. घाबरल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"तुला कुणी सांगितलं किल्ली तिथं असते?" मी विचारलं.

"सांगितलं असेल कुणीतरी."

शेलचं आणखी एक मी पाहिलं. कुशल एक अक्षर टाकी, आणि पुढची सगळी ओळ राखेच्या रंगात फिकट उमटे. त्यानं एक कळ दाबली की ती पक्की होई.

"हे कोण लिहितं?"

"मागं लिहिलेलं सगळं साठवलेलं असतं. पहिलं अक्षर जुळलं की ते पुढचं सुचवतं. मागचं बहुतेक सुंदरचंच आहे."

"मग तू काय लिहितोस?"

"पहिलं अक्षर," तो म्हणाला, आणि हसला.

त्याच दिवशी जेवताना तो म्हणाला, "आजी, मला जरा..." आणि थांबला. घास हातात, नजर ताटात. शब्द आठवत नसला की माणूस चुळबुळ करतो, तशी चुळबुळ नव्हती. पुढचं कुणीतरी सुचवेल म्हणून तो स्वस्थ वाट बघत होता. मग म्हणाला, "मला जरा ताक घाल, अम्मा."

मी ताक घातलं. थोडं ताटाबाहेर सांडलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हट्ट धरला. म्हटलं, ते वरचं नाव बदल, आत्ता, माझ्यासमोर. तो कुरकुरला, पण बदललं. ये रे कुशल, बैस. मी अक्षर अक्षर लावून खात्री केली. सकाळी उठून त्यानं शेल उघडलं तर वर होतं, ये रे सुंदर.

"ऑफिसात एका ठिकाणी फाइलीची प्रत ठेवलेली असते," तो म्हणाला. "तिथून परत उतरली असेल."

"असेल म्हणजे? बघ ना."

"राहू दे ना, आजी." आणि तो दाखीव, काढ, पूस लिहायला लागला.

मी स्वरदाला फोन केला. तिला काय सांगणार? काळ्या खिडकीतलं नाव बदलत नाही असं? एवढंच म्हटलं, पोराला इथून काढलं पाहिजे. ती म्हणाली, "तो येतो म्हणाला तर आजच्या आज घेऊन या." मी कुशलला विचारलं. तो म्हणाला, "अम्माला एकटी टाकून?" मग स्वतःच दचकून माझ्याकडे बघितलं. त्या वेळी तरी ते कळण्याइतका तो स्वतःचा होता.

शेजारच्या घरातले चंद्रमौळी मामा वारले. म्हातारे होते, आजारी होते. सगळी गल्ली जाऊन आली. आम्ही तिघंही गेलो. प्रेत मधल्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलं होतं, बायका भोवती बसल्या होत्या. थोडा वेळ बसून आम्ही उठलो. दुःखाच्या घरातून निघताना कुणी काही सांगत नाही. आमच्याकडे नाही, इथं तमिळांतही नाही. माणूस गुपचूप उठतो, मागं न बघता निघतो. येतो म्हणायचं नाही, कारण त्या घरी त्या कामासाठी पुन्हा यायचं नसतं. लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही.

मी आणि सकवारबाई पायरी उतरलो. कुशल मागं होता. दारात तो वळला आणि त्या पेटीकडे बघून, रोजच्या आवाजात, स्वच्छ म्हणाला, "जाऊन येतों."

आतलं रडणं थांबलं. शब्द मराठी होते, पण सकवारबाईंच्या घरचे, कानावर पडलेले; त्या लोकांना कळले. त्यांच्याकडेही निघताना हेच म्हणतात, त्यांच्या भाषेत. एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले.

आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सकवारबाई, सवयीनं, म्हणाल्या, "ये."

मी दोघांचे दंड धरून त्यांना घरी आणलं. कुशलला अंगणातल्या नळाखाली बसवलं, डोक्यावरून पाणी घातलं. "मी काय बोललो?" तो विचारत राहिला. त्याला खरंच आठवत नव्हतं.

पाणी घालता घालता माझ्या लक्षात आलं, की आजचं सगळ्यांनी ऐकलं म्हणून आज सगळे दचकले. वर तर हे रोज चाललंय. जो माणूस मेलाय त्याच्या दारात माझा नातू रोज संध्याकाळी उभा राहतो, त्याला सांगतो, जाऊन येतों. रोज त्याला ये म्हणतात. आणि रोज तो येतो. दर वेळी परत येणारा थोडा अधिक दुसरा असतो.

पुढच्या दुपारी मी त्याच्याशेजारी बसले. भाजी घेतली नाही.

"कुशल, आज हे बंद करायचं ते न सांगता."

"होत नाही, आजी. ते ऐकत नाही, सांगितलं ना."

"वीज गेली तर? लॅपटॉप खाली पडला तर?"

"तसं बंद होईल. बाहेरून मारता येतं त्याला. पण मग आजचं काहीच साठवलं जात नाही. नीट बंद केलं की दिवसभराचं ते लिहून ठेवतं, उद्या तेच सुचवतं. मध्येच तोडलं तर आजचा दिवस त्याच्या लेखी झालाच नाही."

"मग तेच कर. आणि उद्या उघडताना ती फाइल वाचू नको म्हणून सांग. सांगता येतं?"

"येतं. पण मुकंच उघडेल ते."

"मुकं चालेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं. "त्या काय म्हणतील?"

"ते मी बघते."

सकवारबाई नेहमीसारख्या दिवेलागणीला आल्या. पेला ठेवला, उंबऱ्याशी बसल्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "बाई, आज तो न सांगता उठणार आहे."

"काय म्हणून?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय म्हणून. काल तुम्हीही तिथं होतात."

"माझा पोर न सांगतां कधीं गेला नाहीं, अक्का. त्या दिवशींही सांगून गेला. मीच बोललें नाहीं."

"बाई, घरातून जाताना मुलगा सांगून जातो. दुःखाच्या घरातून जाताना कुणी सांगत नाही. ही खोली कुठली, ते तुम्ही सांगा. तुम्ही घर म्हणालात तर मी मध्ये पडत नाही."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग त्यांनी कुशलकडे पाहिलं. कपाळावरच्या भस्माकडे, वाळलेल्या मानेकडे. पहिल्यांदाच तो त्यांना कुशल दिसला असावा.

"तुझी आईही वाट पाहत असेल कीं," त्या म्हणाल्या. "ऊठ, बाळा."

कुशलनं दोन्ही हात कळांवरून काढले आणि मांडीवर ठेवले. बाणापुढची ओळ रिकामी होती. आम्ही तिघंही तिच्याकडेच बघत होतो. तिथं अक्षरं उमटू लागली. हळद नाही, कुंकू नाही, राखेचा रंग. जाऊन येतों. लिहून झालं, आणि रेघ शेवटच्या टिंबापुढं लुकलुकत उभी राहिली.

"मी काही टाकलं नाही," कुशल म्हणाला. "पहिलं अक्षरसुद्धा नाही."

"ऊठ."

"फक्त एकदा, आजी. शेवटचं. नुसती एक कळ." त्याचा हात मांडीवरून उचलला गेला. मी तो धरला. त्या हातात जोर नव्हता, पण तो थांबतही नव्हता. वळून पाहिलं तर सकवारबाईंचे ओठ उघडले होते. तो शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. मी एक हात धरला होता, बाईंचं तोंड मला धरता येणार नव्हतं.

सकवारबाईंनी पदराचा बोळा केला आणि तोंडात धरला.

कुशलनं डाव्या हातानं लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. खिडकी मिटली नाही, विझली. तो उठला, आमच्याकडे न बघता उंबरा ओलांडला, जिना उतरला. खाली नळ सोडल्याचा आणि पाणी अंगावर घेतल्याचा आवाज आला.

सकवारबाईंनी पदर काढला. "गेला?"

"गेला."

"कोण?"

मी गार झालेला कॉफीचा पेला उचलून त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी कुशलनं शेल उघडलं तेव्हा वर काही नव्हतं. पांढरा बाण, लुकलुकणारी रेघ. दुपारी त्याला कुणी जेवलास का विचारलं नाही. मीच विचारलं. तो हळूहळू, अडखळत, लांबलचक ओळी पूर्ण लिहू लागला. चुका करी, स्वतःवर चिडे. "कशाला केलं हे सगळं," असं चिडून म्हणाला, आणि तो "कशाला" ऐकून मला हायसं वाटलं. सकवारबाई संध्याकाळी वर येईनाशा झाल्या. कॉफी आम्हीच खाली जाऊन पीत असू. त्या आधीसारख्याच बोलत, पण कुशलकडे बघताना नजर जरा बाजूला ठेवत.

शोळिंगनल्लूरला ऑफिसजवळ देवेश नावाच्या मित्राच्या घरात त्याला जागा मिळाली. माझी गाडी एग्मोरहून होती, तेव्हा आम्ही दोघं त्याच दिवशी निघायचं ठरलं. तो मला गाडीत बसवून परस्पर तिकडे जाणार होता. कुशलला मी जिन्यावरच बजावलं, तू काही बोलायचं नाहीस. त्यानं मान हलवली.

मी मात्र अडले. अंगणात सकवारबाई उभ्या होत्या, दारापुढची रांगोळी अजून ओली होती. त्यांनी माझ्यासाठी मुरुक्कूंचा, तिकडच्या चकल्यांचा, डबा भरून दिला होता. या बाईला काही न बोलता कसं निघायचं? आणि बोलायचं तर काय?

त्यांनीच सोडवलं. "सांगून जा, अक्का," त्या म्हणाल्या. "हें घर आहे. माझं घर. ती खोली नव्हे."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "येते."

मी वयानं मोठी. आल्या दिवसापासून त्यांनी मला एकदाही अगं-तुगं केलं नव्हतं. त्यांनी "या" म्हणायला हवं होतं.

त्या माझ्या खांद्यावरून मागं, जिन्याकडे बघत होत्या. चेहरा उजळला होता.

"ये," त्या म्हणाल्या.

मी कुशल कुठं आहे ते पाहिलं. कुशल माझ्या उजव्या हाताला, फाटकाबाहेर उभा होता. ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हातांत पिशव्या, नजर रस्त्यावर. तो काही बोलला नव्हता. मी त्याचा दंड धरला आणि आम्ही चालू लागलो. मागं बघितलं नाही, त्यानंही नाही आणि मीही नाही.